'किती दिवस आहेत?' विचारण्याआधी या चुका टाळा

रिपोर्टमध्ये आजाराचं नाव आलं की घरच्यांना वाटतं, झालं, कळलं सगळं. पण ते फक्त निदान असतं, म्हणजे काय झालंय तेवढंच. पुढं कसं जाईल, बरं व्हायची शक्यता किती, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला डॉक्टर प्रोग्नोसिस म्हणतात. आयुर्वेदातसुद्धा साध्य, कष्टसाध्य, याप्य, असाध्य असा विचार वेगळा केलाय, त्यातलं याप्य म्हणजे समूळ जात नाही पण उपचार चालू ठेवले तर आटोक्यात राहतं. एकच आजार दोघांना असला तरी दोघांचं पुढचं सारखं नसतं.

आमच्या मावशीला ब्रेस्ट कॅन्सर निघाला तेव्हा बायोप्सीच्या कागदावर 'ग्रेड ३' लिहिलेलं होतं, काकांनी ते 'थर्ड स्टेज' असं वाचलं आणि डॉक्टरांना भेटायच्या आधीच सगळ्या नातेवाइकांना फोन गेले, रडारड झाली. ग्रेड म्हणजे मायक्रोस्कोपखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते, स्टेज म्हणजे आजार किती पसरलाय ते. मावशीची स्टेज दुसरी होती. ही गल्लत खूप घरांत होते, म्हणून कागद घरी वाचत बसू नका, डॉक्टरांकडून ओळ न् ओळ समजून घ्या.

दुसरं म्हणजे गूगलवरचे आकडे. पाच वर्षांचा सर्व्हायवल रेट म्हणजे माणूस पाचच वर्षं जगतो असं नाही हो, निदानानंतर पाच वर्षांनी शंभरातले किती जण हयात होते एवढाच त्याचा अर्थ. आणि ते मोजायचं तर निदान किमान पाच वर्षांपूर्वी झालेलं असावं लागतं, म्हणजे आकडा जुन्या ट्रीटमेंटचा. मावशीचा रिपोर्ट हर-टू पॉझिटिव्ह होता, म्हणजे कॅन्सरच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त होतं. एकेकाळी हे वाईट लक्षण धरायचे, पण १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब या त्याच प्रथिनावर काम करणाऱ्या औषधाला मंजुरी मिळाली आणि नंतर हे चित्रच बदललं, तरी जुनी पानं नेटवर अजून आहेत आणि लोक तीच वाचून घाबरतात.

'आठ महिने' असं ऐकलं की आपण कॅलेंडरवर तारीख टाकतो, ही तर सगळ्यात मोठी चूक. तो बहुतेक वेळा मध्यक असतो, निम्मे लोक त्याच्या आधी जातात आणि निम्मे त्याच्या पुढं जगतात, काही तर खूपच पुढं. स्टीफन जे गूल्ड या शास्त्रज्ञांना १९८२ मध्ये पोटातला मेसोथेलिओमा, म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर निघाला, त्याचा मध्यक आठ महिने होता. ते २००२ मध्ये गेले, तेही दुसऱ्याच कॅन्सरनं. सगळ्यांचं असं होतं असं अजिबात नाही, पण मध्यक म्हणजे मुदत नव्हे.

मग विचारायचं काय? मला सगळ्यात उपयोगी पडलेला प्रश्न हा: "डॉक्टर, ही ट्रीटमेंट बरं करायला देताय की आटोक्यात ठेवायला?" उत्तर काहीही येवो, निर्णय घेता येतात. आणि प्रत्येक स्कॅननंतर परत विचारा, कारण औषध लागू पडलं की अंदाजही बदलतो.

पेशंटला वगळून कॉरिडॉरमध्ये कुजबुजू नका. आम्ही तेच करत होतो, शेवटी मावशीनंच डॉक्टरांना विचारलं, "लेकीचं बाळंतपण फेब्रुवारीत आहे, केमो कधी संपेल?" डॉक्टरांनी पेन काढलं, फाइलच्या मागच्या पानावर केमोच्या सायकलच्या, म्हणजे प्रत्येक फेरीच्या तारखा लिहिल्या, शेवटची जानेवारीतली होती.