साइटचा चिखल रस्त्यावर येऊ नये म्हणून गेटच्या आत करायची कामं

पुण्यात बालेवाडीतल्या एका बांधकामाच्या साइटवर मी सुपरवायझर होतो, तेव्हाची गोष्ट. जूनच्या पहिल्या पावसात आमच्या गेटसमोर एक मुलगी स्कूटीवरून घसरली. गुडघा फुटला, तेवढ्यावर निभावलं. रस्त्यावर चिखलाचा थर जेमतेम बोटभर होता. मी डंपरवाल्यावर ओरडलो, पण चाकं धुवायची सोय आम्हीच केलेली नव्हती. खाली लिहिलेलं सगळं मी त्यानंतर शिकलो. बंगला बांधणाऱ्यालाही ते लागेल आणि रीडेव्हलपमेंटला गेलेल्या सोसायटीच्या कमिटीलाही.

पहिलं काम मृग लागायच्या आत करायचं, ते म्हणजे गेट ठरवणं. गाड्यांना ये-जा करायला एकच गेट ठेवा आणि जमेल तर ते प्लॉटच्या उंच बाजूला घ्या. बाणेर-पाषाणकडच्या उताराच्या प्लॉटवर गेट खालच्या अंगाला असलं, की पावसाचं सगळं पाणी माती घेऊन तिथूनच बाहेर पडतं. दुसरा इलाज नसेल तर गेटच्या आत आडवी चर खणून वर लोखंडी जाळी टाका आणि ते पाणी गाळाच्या खड्ड्यात वळवा.

मग खडीचा पट्टा. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो आणि कंजुषीही नेमकी इथेच होते. गेटपासून आत किमान १५ मीटर लांब आणि गेटच्या पूर्ण रुंदीचा पट्टा हवा. डंपरचं चाक एका फेऱ्यात साधारण तीन मीटर जातं, म्हणजे एवढ्या अंतरात त्याचे चार-पाच फेरे होतात आणि खाचांतली माती सुटायला वेळ मिळतो. आधी जिओटेक्स्टाइल कापड (पाणी झिरपू देणारं, पण माती वर येऊ न देणारं जाड कापड) अंथरा, त्यावर ५० ते ७५ मिलिमीटरची खडी १५ ते २० सेंटिमीटर जाड टाका. कापड नसेल तर आपल्याकडची काळी माती दोन पावसांत खडी गिळून टाकते. बारीक खडी किंवा मुरूम टाकू नका. मुरूम भिजला की त्याचाच चिखल होतो. खडीच्या फटी मातीने भरल्या की वरचा थर काढून नवी खडी घाला.

पट्ट्याने माती कमी होते, संपत नाही. म्हणून त्याच्या आतल्या टोकाला उतार दिलेला काँक्रीटचा ओटा करा आणि तिथे प्रेशर पंप ठेवा. धुतलेलं पाणी एका खड्ड्यात थांबू द्या, निवळलं की शेजारच्या दुसऱ्या खड्ड्यात घ्या आणि तेच पुन्हा वापरा. पहिल्या खड्ड्यातला गाळ दर दोन-तीन दिवसांनी उपसायला माणूस नेमून द्या, नाहीतर आठवड्याभरात खड्डा भरतो. चाकं धुताना मागच्या जोडचाकांच्या मधली फट बघा. तिथे लोण्यासारखी माती ठासून बसते, वरून दिसत नाही, आणि गाडीने वेग घेतला की पुढच्या चौकात तिचा गोळा पडतो. आम्ही वॉचमनच्या खोलीत त्यासाठी एक सळई ठेवली होती. सळई घालून फट मोकळी केल्याशिवाय आणि हौद्यावर ताडपत्री बांधल्याशिवाय गाडीला गेट उघडायचं नाही, असं वॉचमनला सांगून ठेवा. त्यावरून ड्रायव्हरशी वाद झाला, तर वॉचमनच्या बाजूने उभे राहा.

खोदलेल्या मातीचा ढीग गेट आणि गटारापासून लांब ठेवून ताडपत्रीने झाका. प्लॉटच्या खालच्या कडेला गाळ अडवायचं कापड लावा. त्याची खालची कड १५ सेंटिमीटर जमिनीत पुरा, वर नुसतं लटकवलं तर पाणी खालून निघून जातं. हिरवी जाळी गाळ अडवत नाही.

बेसमेंटचं पाणी मोटर लावून थेट पावसाळी गटारात सोडणं तर पूर्ण बंद करा. आधी ते टाकीत निवळू द्या. हा गाळ चेंबरमध्ये बसतो, नाहीतर आंबिल ओढा, रामनदी अशा वाटांनी मुळा-मुठेत जातो आणि ओढ्यांचं पात्र उथळ करतो.

एवढं करूनही माती बाहेर गेलीच, तर ती रोज संध्याकाळी, ओलसर असतानाच फावड्याने खरवडा, झाडा आणि साइटवर परत आणा. पाइप लावून धुतली तर ती चेंबरमध्ये जाते. जवळच्या चेंबरच्या तोंडाशी खडी भरलेल्या गोण्या रचा, पण पाणी आत जायला फट ठेवा.

रस्त्यावर राहिलेला चिखल उन्हाने वाळला की त्याचीच धूळ होते. केंद्राच्या जानेवारी २०१८ च्या अधिसूचनेत बांधकामाच्या धुळीसाठी नियम आहेत: माती-वाळू उघडी ठेवायची नाही, साइटकडे जाणारा रस्ता पक्का हवा. ठेकेदाराशी करार करतानाच खडीचा पट्टा, चाकं धुणं आणि रस्ता झाडणं या तिन्हींचा खर्च वेगळा लिहून घ्या. शेजारच्या साइटचा चिखल तुमच्या दारात येत असेल, तर आधी तिथल्या सुपरवायझरला भेटा. दोन दिवसांत फरक पडला नाही, तर गेट आणि रस्ता एकाच चौकटीत येईल असा फोटो काढून महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.