आधी रात्री शेतात जा, मग फवारा : हातातला एलईडी टॉर्च घरीच बनवा

उघडीप मिळाली की पंप पाठीवर घ्यायचा, हा शिरस्ता या आठवड्यात मोडा. आभाळ भरलेलं, मधूनच भुरभुर, रात्री उकाडा आणि जमिनीला वाफसा नाही, म्हणजे माती काम करण्याइतकी सुकलेली नाही. अळी आणि गोगलगाय, दोघींनाही याहून चांगले दिवस मिळत नाहीत. तेव्हा औषध आणायच्या आधी एवढंच करा, आज रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास शेतात जाऊन पिकाच्या बुडाशी बघा. उद्या नको, आजच. अळी लहान आहे तोवरच सगळे उपाय चालतात.

दिवसा शेत बघायचं आणि दिवसाच्या बघण्यावर औषध ठरवायचं, या एका सवयीने जेवढी पिकं गेलेली मी पाहिली तेवढी पावसानेही गेली नसतील. एका शेतकऱ्याच्या सोयाबीनची आठ दिवसांत चाळणी झाली. तीन फवारण्या झाल्या होत्या, तिन्ही भर दुपारी. दुकानदार दर वेळी ‘जरा स्ट्राँग’ औषध द्यायचा आणि सोबत टॉनिकची बाटली. मी दुपारी गेलो तर पानावर एकही अळी नाही, नुसती भोकं. रोपाच्या बुडाशी बोटाने माती उकरली. दोन इंचांवर गुंडाळी करून बसलेली सापडली, मातकट, करंगळीच्या दोन पेरांएवढी. चार रोपं उकरली, तीन ठिकाणी तेच. औषध पानावर पडत होतं आणि अळी मातीत झोपली होती. रात्री नऊला टॉर्च घेऊन गेलो तेव्हा त्याच झाडांवर ती आरामात चरत होती. अळी ‘औषधाला दाद देत नाही’ म्हणून दुकानदाराने चौथं औषध काढूनच ठेवलं होतं. अळीला औषध भेटलंच नव्हतं, तर ती दाद कशाला देईल?

रात्री बाहेर पडणारी मंडळी ओळखून ठेवा. रोप जमिनीलगत कापणारी कुरतडी अळी, तंबाखूवरील पाने खाणारी अळी म्हणजेच स्पोडोप्टेरा, मक्याच्या पोंग्यातली (शेंड्याच्या पानांच्या गुंडाळीतली) लष्करी अळी, शंखी गोगलगाय, आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर तिन्हीसांजेला जमिनीतून निघून झाडांवर बसणारे हुमणीचे (पिकाची मुळं खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे.

मोबाईलचा उजेड याला पुरत नाही. तो पायापुरता पडतो, पावसात फोन जातो आणि एक हात अडकतो. ‘एक किलोमीटर फेकणारा’ म्हणून विकला जाणारा मोठा टॉर्च तर आपल्या कामाचाच नाही. त्याचा झोत समोरच्या पानावर पडला की पान पांढरंफटक होतं आणि त्यावरची अळी दिसतच नाही. आपल्याला दहा-पंधरा मीटर जाणारा, कडेला मऊ होणारा उजेड हवा. तो घरी करता येतो, कारण त्यातली सर्वांत महाग वस्तू, १२ व्होल्टची बॅटरी, तुमच्या बॅटरीवर चालणाऱ्या फवारणी पंपात आधीच आहे.

सामान असं लागेल. ताऱ्याच्या आकाराच्या ॲल्युमिनियम चकतीवर बसवलेले ३ वॅटचे तीन पांढरे एलईडी. त्यांच्यावर बसणाऱ्या लेन्स : दोन १५ अंशांच्या, एक ६० अंशांची. ५.६ ओहम ५ वॅटचा सिमेंट रेझिस्टर. २ अँपिअरचा फ्यूज, होल्डरसकट. रबरी टोपीचं बटण. दोन मीटर जाड लवचिक वायर. आणि जुन्या संगणकातला, प्रोसेसरवर पंख्याखाली असतो तो ॲल्युमिनियमचा पाकळ्यांचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक. मुठीसाठी पीव्हीसी पाईपचा तुकडा, पुढच्या कड्यासाठी रुंद पाईपचा दोन इंचांचा तुकडा, काचेऐवजी ॲक्रिलिक. रंग विचाराल तर निळसर पांढरा घेऊ नका, पिवळसर पांढरा घ्या. त्याच्यावर किडे कमी झेपावतात आणि हिरव्यावरची तपकिरी अळी मला तरी त्यात चटकन दिसते.

आता हिशोब समजून घ्या, म्हणजे कोणी काही भलतं विकणार नाही. एका पांढऱ्या एलईडीवर साधारण ३.२ व्होल्ट पडतात. तीन एकामागे एक जोडले की ९.६. भरलेल्या बॅटरीचे १२.६ धरले तर ३ व्होल्ट उरतात, ते रेझिस्टरने खायचे. ३ भागिले ५.६, म्हणजे अर्ध्या अँपिअरच्या जरा वर. हे एलईडी ७०० मिलिअँपिअरपर्यंत चालतात, म्हणून अर्ध्या अँपिअरवर ते वर्षानुवर्षं टिकतात. पंपाची बॅटरी ८ अँपिअर-तासांची असेल तर तिचा निम्माच साठा वापरूनही सात तास मिळतात. बॅटरी उतरत गेली की उजेड आपोआप मंद होतो, तेव्हा घरी या. शिशाची बॅटरी पूर्ण रिकामी केली किंवा रिकामी तशीच ठेवली की ती मरते.

जोडणी सरळ आहे. बॅटरीचा धन, लगेच फ्यूज, मग बटण, रेझिस्टर, पहिल्या एलईडीचा धन, त्याच्या ऋणातून दुसऱ्याचा धन, असं तिसऱ्यापर्यंत, आणि तिथून बॅटरीच्या ऋणाला. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. वायर कुठे सोलवटली आणि मध्ये फ्यूज नसेल, तर ही छोटी बॅटरीही वायर लाल करते. पंप चालवायच्या बटणाच्या आधी, थेट बॅटरीवरून जोड घ्या, म्हणजे टॉर्च चालू असताना पंप कोरडा फिरणार नाही. रिकामा पंप स्वच्छ धुऊन पाठीवर घ्यायचा, वायर खांद्यावरून हातातल्या टॉर्चला. बॅटरी चार्जरवर असताना टॉर्च कधीच लावू नका. तेव्हा व्होल्टेज १४ च्या वर जातं आणि एलईडीतून मर्यादेबाहेर करंट वाहतो.

हीटसिंकबद्दल मात्र ऐकाच. माझा पहिला टॉर्च मी प्लॅस्टिकच्या डब्याच्या झाकणावर एलईडी चिकटवून केला होता. उजेड झकास पडला. पंधराव्या मिनिटाला तो निळसर झाला, मग एक एलईडी लुकलुकला आणि तिन्ही गेले. झाकणावर तीन खोलगट वितळलेले ठसे राहिले. एलईडी गरम होत नाही हा गैरसमज आहे. त्याला दिलेल्या विजेतला मोठा भाग उष्णताच होतो, फक्त ती पुढे न येता मागे जाते. मागे धातू नसेल तर एलईडी स्वतःच्याच उष्णतेने भाजतो. म्हणून ठोकळ्याचा सपाट भाग पॉलिश पेपरने घासा, चकतीच्या पाठीला थर्मल पेस्टचा पातळ हात फिरवा (जाड थपका नको, तो उष्णता अडवतो) आणि बारीक स्क्रूने चकती आवळा. स्क्रूखाली प्लॅस्टिकचा वॉशर घाला, नाहीतर डोकं सोल्डरच्या टाक्याला टेकून शॉर्ट होतं. ठोकळ्याच्या पाकळ्या मागच्या बाजूला उघड्या वाऱ्यावर राहू द्या. त्या पाईपमध्ये कोंबू नका, पीव्हीसी तापलं की मऊ पडतं. रेझिस्टरही चांगलाच तापतो, त्याला मुठीत न घालता पाकळ्यांलगत बांधा.

पहिल्यांदा लावल्यावर दहा मिनिटं थांबा आणि ठोकळ्यावर तळवा ठेवा. हात टिकला तर ठीक. हात मागे घ्यावा लागला तर ठोकळा लहान पडतोय किंवा पेस्ट नीट लागलेली नाही. मल्टिमीटर असेल तर मालिकेत लावून करंट बघा, अर्ध्या अँपिअरच्या आसपास यायला हवा. मग पुढचं कडं सिलिकॉनने चिकटवा, ॲक्रिलिक बसवा आणि कड्याला खालच्या अंगाला सुईएवढं भोक ठेवा. आत दमटपणा साचून धुकं धरतं, ते त्यातून निघून जातं. ६० अंशांची लेन्स खालच्या एलईडीला लावायची. तिचा उजेड पायाजवळ पसरतो, वरच्या दोघींचा पिकाच्या ओळीत पुढे जातो.

पंपात लिथियमची बॅटरी असेल तर हेच गणित तिच्या व्होल्टेजवर नव्याने मांडा. जुन्या लॅपटॉपमधून सेल काढून जोडायच्या भानगडीत पडू नका. संरक्षण सर्किट नसलेला लिथियम सेल घराला आग लावू शकतो.

आता शेतात. गुडघ्यापर्यंत बूट, हातात काठी आणि उजेड आधी पायाशी. साप पावसाळ्यात बांधावर असतो, अळी बघायच्या नादात हे विसरू नका. टॉर्च वरून मारू नका. कंबरेखाली धरून पानाच्या कडेने तिरका टाका, म्हणजे अळीची सावली अळीपेक्षा आधी दिसते. पाच ठिकाणी थांबा, प्रत्येक ठिकाणी वीस झाडं. शंभरातली किती बाधित तीच टक्केवारी, आकडेमोड नको. ओली, हिरवी विष्ठा दिसली तर अळी हातभर अंतरात आहे. वाळकी काळी दिसली तर ती निघून गेली असेल, तिच्यासाठी पैसे घालवू नका. टॉर्च कपाळाजवळ धरून जमिनीकडे बघितलंत तर हिरवे-निळे ठिपके चमकतील. ते जमिनीवर शिकार करणाऱ्या कोळ्यांचे डोळे, आणि ते कोळी आपल्या बाजूने आहेत. जिथे हे ठिपके पुष्कळ, तिथे मी फवारणी दोन दिवस पुढे ढकलतो. ही शिफारस नाही, माझा अनुभव आहे.

मोजणी झाल्यावरच औषधाचं बोला. मक्यात रोपं लहान असताना ५ टक्के आणि पोंगा भरल्यावर १० टक्के झाडं बाधित असतील तर उपाय करा. सुरुवातीच्या अवस्थेत ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे १०० लिटर पाण्यात ५ किलो निंबोळीचा. पोंग्यात अळी मोठी असेल तर इमामेक्टिन बेन्झोएट ५ एसजी, लिटरला ०.४ ग्रॅम, आणि फवारा पोंग्यात गेला पाहिजे. सोयाबीनमध्ये फुलोऱ्याआधी ओळीच्या एका मीटरला चार अळ्या ही मर्यादा. औषधाच्या लेबलवर तुमच्या पिकाचं नाव आहे का ते आधी वाचा. दोन औषधं एकत्र करून वर टॉनिक घालू नका. आणि काहीही असो, फवारणी ऊन उतरल्यावर. निंबोळी उन्हात टिकत नाही आणि अळी संध्याकाळी वर येते.

गोगलगाय हाताने वेचा, हातमोजे घालून, आणि मिठाच्या पाण्यात टाका. एक गोगलगाय एका वेळी शंभरावर अंडी घालू शकते आणि तिच्यात नर-मादी वेगळे नसतात, त्यामुळे वेचलेली प्रत्येक अंडी घालणारीच मोजायची. फार असतील तर मेटाल्डिहाईड २.५ टक्के गोळ्या एकरी २ किलो, बांधाच्या कडेने, कुत्री-कोंबड्यांपासून लांब. पाऊस थांबून तासभर झाला की त्या सर्वांत जास्त बाहेर येतात, असं मला वाटतं. तेव्हाच जा. हुमणीच्या भुंगेऱ्यांसाठी पाऊस पडल्यावर सलग तीन-चार संध्याकाळी कडुलिंब, बाभूळ, बोरीखाली कापड अंथरून फांद्या हलवा आणि पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. अंडी घालायच्या आधी मारलेला भुंगेरा हीच खरी हुमणीची फवारणी.

या आठवड्यातली बाकीची कामं :
– साचलेलं पाणी चर काढून बाहेर काढणे
– वाफसा आल्यावर कोळपणी
– बांधावरचं गवत कापणे
– नांग्या भरणे (रोप न उगवलेल्या जागी पुन्हा लावणे)
– खताचा दुसरा हप्ता ओलीवरच
– पंपाचे नोझल व गाळणी धुणे

टॉर्च तयार व्हायला एक दुपार लागते. तो नसेल तर आज रात्री मोबाईलचाच उजेड घेऊन निघा, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि बांधालगतच्या पिकाच्या चार ओळी तरी बघा. माझ्या पाहण्यात पहिल्या रात्री कडेच्या ओळींत जेवढी अळी असते, तेवढी तिसऱ्या-चौथ्या रात्री शेताच्या मधोमध पोचलेली असते.