भाजलेला पापड आणि क्रियापदाचं तिसरं रूप

गो-वेंट-गॉन, डू-डिड-डन, सी-सॉ-सीन. आठवीत असताना ही तिन्ही रूपं मला पाढ्यांसारखी तोंडपाठ होती. करमाळा तालुक्यातल्या आमच्या शाळेत सर छडी टेबलावर आपटून ताल धरायचे आणि आख्खा वर्ग एका सुरात म्हणायचा. तिसऱ्या रूपाला पास्ट पार्टिसिपल म्हणतात हेही माहीत होतं. ते वाक्यात कुठे बसवायचं, हे मात्र माहीत नव्हतं.

2015 मध्ये पुण्यात आले. नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहायचे, दिवसा भोसरीतल्या एका कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये काम आणि संध्याकाळी अभ्यासिका. तिसऱ्याच महिन्यात एका ग्राहकाला मेल लिहायची होती. मार्चच्या बिलाचे पैसे अजून आम्हाला मिळालेले नाहीत, एवढंच सांगायचं होतं. मी लिहिलं, 'वी हॅव नॉट पेड फॉर द मार्च बिल.' त्याचा अर्थ झाला, आम्ही मार्चच्या बिलाचे पैसे भरलेले नाहीत. समोरून फोन आला, 'मॅडम, पैसे तुम्ही कुणाला द्यायचे आहेत?' हवं होतं 'वी हॅव नॉट बीन पेड'. 'बीन' हा एक शब्द गळला आणि देणारा-घेणारा यांची अदलाबदल झाली. पाठांतर पक्कं असूनही हे घडलं, याचं मला फार वाईट वाटलं.

वाट सापडली ती मेसला सुट्टी असलेल्या एका रविवारी. रूममेट ताई आणि मी हॉटेलात गेलो होतो. मेन्यूकार्डावर ओळीने रोस्टेड पापड, फ्राइड पापड, ग्रिल्ड सँडविच, बॉइल्ड एग लिहिलेलं. ताई म्हणाली, 'अगं, मराठीत म्हणून बघ की. भाजलेला पापड, तळलेला पापड, उकडलेलं अंडं.' लेला, लेली, लेलं! मराठीच्या व्याकरणात आपण धातुसाधित विशेषण म्हणून शिकतो, तेच हे. इंग्रजीचं तिसरं रूप माझ्या तोंडात जन्मापासून होतं, फक्त दोघांची ओळख कुणी करून दिली नव्हती.

त्यामुळे नव्याने शिकणाऱ्यांना मी पहिली गोष्ट सांगते ती हीच. वाक्य आधी मराठीत नीट म्हणा आणि 'लेला' कुठे येतो ते पाहा. तुटलेली खुर्ची म्हणजे ब्रोकन चेअर. 'मी हे पुस्तक वाचलेलं आहे' म्हणजे 'आय हॅव रेड धिस बुक'. 'पत्र लिहिलं गेलं' म्हणजे 'द लेटर वॉज रिटन'. हॅव आलं की काम कर्त्याने केलेलं असतं, बी (इज, वॉज, बीन ही त्याचीच रूपं) आलं की कर्त्यावर झालेलं असतं आणि नामाआधी एकटंच आलं की ते विशेषण. 'हॅव बीन पेड'मध्ये हॅव आणि बी दोन्ही आहेत. काम पूर्ण झालंय आणि ते आमच्यावर झालंय, म्हणजे पैसे आम्हाला मिळाले आहेत.

उकळणारं पाणी आणि उकळलेलं पाणी यांत आपण कधी गोंधळत नाही. बॉइलिंग वॉटर आणि बॉइल्ड वॉटर हा तोच फरक आहे. तरीही मुलाखतीत मुलं 'आय ॲम बोअरिंग' म्हणून जातात. कंटाळा आणणारा तो बोअरिंग, कंटाळलेला तो बोअर्ड. थकवणारा प्रवास टायरिंग, थकलेला प्रवासी टायर्ड.

आता ही युक्ती कुठे फसते तेही सांगायला हवं, कारण मी तिथे बरीच अडखळले आहे. आपण म्हणतो 'झोपलेलं बाळ', 'बाकावर बसलेला माणूस'. इंग्रजीत 'स्लेप्ट बेबी' होत नाही, 'स्लीपिंग बेबी' होतं. बसलेला माणूस तसाच 'सिटिंग'. मराठीत झोप लागली, बूड टेकलं की क्रिया संपली आणि अवस्था उरली. इंग्रजी ती अवस्था अजून चालू आहे असं धरते. 'आलेले पाहुणे'सुद्धा सरळ येत नाहीत, तिथे 'द गेस्ट्स हू हॅव कम' असं उलगडून सांगावं लागतं. पडलेली पानं मात्र 'फॉलन लीव्ज' म्हणून येतात. याला एकच नियम पुरत नाही, वाचत वाचत कान तयार होतो.

दुसरा खड्डा आपल्या बोलण्यातला आहे. 'मी काल डेक्कनला गेलेलो', 'आम्ही मागच्या वर्षी सिंहगडावर गेलेलो' असं पुण्यात सर्रास कानावर पडतं. 'लेलो' ऐकू आलं म्हणून 'आय हॅव गॉन यस्टर्डे' लिहिलं की चुकलं. काल, मागच्या वर्षी, 2014 मध्ये असा संपलेला काळ वाक्यात असेल तर हॅव येत नाही, साधं दुसरं रूप येतं: 'आय वेंट यस्टर्डे'. 'आय हॅव कम्प्लीटेड माय डिग्री इन 2014' हे वाक्य तर पुण्यातल्या किती बायोडेटांमध्ये मी पाहिलं आहे! एकतर वर्ष काढा, नाहीतर हॅव काढा. आणि 'डिड'नंतर ना दुसरं रूप, ना तिसरं. 'डिडन्ट वेंट' नाही, 'डिडन्ट गो'.

रूपं पाठ करायची असतील तर वर्णानुक्रमाची यादी बाजूला ठेवा. अनियमित क्रियापदं साधारण 200 आहेत, पण त्यांची कुटुंबं थोडीच आहेत. कट, पुट, हिट, कॉस्ट अजिबात बदलत नाहीत. रीड लिहिताना बदलत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या रूपात उच्चार मात्र रेड होतो. ब्रिंग-ब्रॉट, बाय-बॉट, थिंक-थॉट, टीच-टॉट यांची शेवटची दोन रूपं सारखी. कम-केम-कम, रन-रॅन-रन यांचं पहिलं आणि तिसरं सारखं. सिंग-सँग-संग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक, बिगिन-बिगॅन-बिगन मोठ्याने म्हटली की चाल आपोआप बसते. रिटन, ब्रोकन, स्पोकन, टेकन, गिव्हन यांच्या शेवटी न. 'हॅव वेंट', 'हॅव ब्रोक' यांसारख्या चुका होतात, त्या बहुतेक दुसरं आणि तिसरं रूप वेगळं असलेल्या कुटुंबांतच. वेळ कमी असेल तर तीच आधी घ्या. गॉट की गॉटन, लर्न्ट की लर्न्ड यावर अभ्यासिकेत वाद घालत बसू नका. गॉटन अमेरिकेत चालतं, लर्न्ट ब्रिटनमध्ये अधिक दिसतं. कुठलंही एक धरा आणि तेच चालवा.

गो-वेंट विचित्र वाटत असेल तर आपलं जा-गेला आठवा. तिथेही मूळ धातू कुठल्या कुठे जातो. वेंट हे रूप वेंड नावाच्या जुन्या क्रियापदाचं होतं, ते गोने आपल्याकडे ओढून घेतलं.

नियमित क्रियापदांत खरी अडचण असते ती उच्चाराची. वर्केड, वॉशेड असं आपल्याकडे फार बोललं जातं. शाळेत घोष-अघोष व्यंजनं शिकलो होतो (म्हणताना गळा थरथरतो ती घोष, थरथरत नाही ती अघोष), ती इथे कामाला येतात. क, प, श, स, च यांसारख्या अघोष आवाजानंतर शेवट ट होतो: वर्क्ट, वॉश्ट. घोष व्यंजनानंतर किंवा स्वरानंतर ड: ओपन्ड, प्लेड. फक्त ट आणि ड यांच्यानंतर वेगळा इड ऐकू येतो: वॉन्टिड, नीडिड. हा ट किंवा ड बोलताना खाल्ला जातो आणि मग लिहितानाही सुटतो. हॉटेलांच्या पाट्यांवर 'आइस टी' आणि 'मिक्स व्हेज' दिसतं ते त्यामुळेच, असं मला वाटतं. आइस्ड टी, मिक्स्ड व्हेज.

सरावासाठी मी क्लास लावला नाही. अप्पा बळवंत चौकातून जुनं व्याकरणाचं पुस्तक घेतलं, पण जास्त शिकले ते बसच्या खिडकीतून. क्लोज्ड, रिझर्व्ड, सोल्ड आउट, यूज्ड कार्स असा दिसेल तो बोर्ड मनात मराठीत करायचा: बंद केलेलं, राखून ठेवलेलं, विकलं गेलेलं, वापरलेल्या. नंतर इंग्रजी पेपरच्या मथळ्यांकडे वळले. 'थ्री अरेस्टेड', 'ब्रिज क्लोज्ड फॉर रिपेअर्स' अशा मथळ्यांत वॉज किंवा वेअर गाळलेलं असतं, आणि रूप दुसरं की तिसरं हे आपल्यालाच ओळखावं लागतं. तिघांनी अटक केली की तिघांना अटक झाली? भोसरीला पोचेपर्यंत मी अशा पाच मथळ्यांत गाळलेले शब्द पेनाने भरायचे.