कुत्रं घेऊन कोल्हापूरला येताय? मग हे वाचून निघा

बदली होऊन कोल्हापूरला येणाऱ्या कुणाला तरी कळतं की आम्ही कुत्री घेऊन दिल्लीकडून गाडीनं आलो होतो, आणि मग फोन येतो. प्रश्न ठरलेले. रस्ता कसा आहे, घर मिळेल का, शेजारी कटकट करतात का. दर वेळी तासभर बोलण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

आम्ही मूळचे नागपूरचे. अकरा वर्षं गुरुग्राममध्ये काढली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये नवऱ्याला कागलच्या एमआयडीसीत काम मिळालं म्हणून इकडं आलो. मी, नवरा आणि खारी. मानेसरच्या रस्त्यावर सापडलेली देशी कुत्री, रंग चहाबरोबरच्या खारीचा, म्हणून नाव तेच.

रेल्वेचा विचार आधी केला होता. रेल्वेत कुत्रा सोबत ठेवायचा तर एसी फर्स्टचा अख्खा कूपे घ्यावा लागतो, नाहीतर तो जातो सामानाच्या डब्यातल्या पेटीत. खारीला पेटीत घालायचं माझ्या जिवावर आलं. मग गाडीच काढली. गंमत म्हणजे वाट चुकायची भीती फार नाही. गुरुग्रामच्या दारातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, सुरत, पुणे करत कोल्हापूरला येतो आणि तसाच पुढं बेळगाव, बंगळूरकडे निघून जातो. आमच्या मीटरवर १,७८० किलोमीटर झाले. 'दोन दिवसांत होतं की' असं सांगणारे खूप भेटतील. त्यांच्या मागच्या सीटवर कुत्रा नसतो. आम्ही पाच दिवस घेतले; मुक्काम किशनगड, उदयपूर, वडोदरा आणि पुण्यात नणंदेकडे. वडोदरा ते पुणे एका दिवसात केलं, ते परत करणार नाही. ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये आम्ही तिघंही एकमेकांवर भुंकत होतो.

दर दोन तासांनी थांबा, पण दार उघडण्याआधी पट्टा हातात घ्या. मी एका ढाब्यावर उलटं केलं. दार उघडलं, खारी सुटली आणि दोन ट्रकच्या मधून पलीकडच्या मोहरीच्या शेतात. अर्धा तास आम्ही हाका मारतोय आणि फक्त हलणारी पिवळी फुलं दिसतायत. शेवटी ढाब्यावरच्या पोरानं रोटीचा तुकडा दाखवला तेव्हा बाईसाहेब आल्या. गळ्यातल्या बिल्ल्यावर फोन नंबर होता, पण तो जुन्या ऑफिसचा. निघण्याआधी चालू नंबर घाला. उन्हात गाडी बंद करून कुत्रा आत ठेवू नका, काच चार बोटं खाली असली तरीसुद्धा. दहा मिनिटांत आत भट्टी होते. हॉटेलवाल्यांचं 'हो, चालतंय' फोनवर न घेता मेसेजवर घ्या. एका गावात रात्री दहाला काउंटरवरचा माणूस चक्क म्हणाला, 'आम्हाला वाटलं छोटा असेल.'

खाणं सकाळी अगदी थोडं, निघण्याच्या तीन-चार तास आधी, आणि पोटभर रात्री मुक्कामावर. हे मला माहीत होतं. तरी शेवटच्या दिवशी दया आली आणि पुण्यातून निघताना अर्धं ऑम्लेट दिलं. पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट चढावा लागला (बोगदा उलट बाजूनं येणाऱ्यांसाठी होता), आणि तिसऱ्या वळणावर ते ऑम्लेट माझ्या मांडीवर परत आलं. कोल्हापुरात माझं पाऊल पडलं ते असं, वास मारत.

सर्वांत मोठी चूक मात्र वेगळीच. खारीची जुनी गोधडी 'घाण झालीये' म्हणून धुतली आणि सामानाच्या ट्रकमध्ये टाकली. ट्रक आला ठरल्याच्या नऊ दिवस उशिरा. त्या नऊ रात्री खारी दारापाशी बसून राहायची, झोपायची नाही. माणसाला नवं घर डोळ्यांनी कळतं, कुत्र्याला नाकानं. गोधडी धुऊ नका आणि स्वतःच्या गाडीत ठेवा. आल्यावर पहिले पंधरा दिवस फिरायची वेळ आणि वाट एकच ठेवा. तिला गल्ली कळली त्याच्यानंतरच मला कळली.

आता घर. एजंट तुम्हाला भाडं, पार्किंग, पाणी सगळं सांगेल. तुम्ही एकच विचारा, आणि एजंटला नको, खालच्या किराणा दुकानदाराला: 'एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं? आणि एकवीसला?' इथं पुराची वर्षं अशीच बोलतात. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पावसाळ्यात हे आकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखे सगळ्यांच्या तोंडी असतात, आणि राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आहेत, त्यातले किती उघडले हेही. सुतारवाडा, रमणमळा, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्कचा काही भाग, इथं तळमजला घेताना दहा वेळा विचार करा. आम्हाला व्हीनस कॉर्नरजवळ एक सुंदर तळमजला मिळत होता, खारीसाठी अंगणसुद्धा. नवरा हट्टानं उंचावरच्या आर. के. नगरात घेऊन गेला म्हणून भांडले होते. सहा महिन्यांनी ऑगस्टमध्ये भांडण मागं घेतलं. तेव्हा महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बरेच दिवस बंद होता. दूध नाही, पेट्रोल नाही, नळाला पाणी नाही. खारीचं विकतचं खाणं चौथ्या दिवशी संपलं, आणि मग ती ज्वारीची भाकरी खायला शिकली. जूनपासून तीन आठवड्यांचं खाणं आणि लसींचं पुस्तक एका पिशवीत बांधून ठेवा. आणि गोचिडांचं औषध. इथला पाऊस लांबतो, आणि गोचिडी पावसापेक्षा चिवट.

कुत्रा आहे म्हणून घर मिळेल का? मोठ्या सोसायट्यांत थोडी कुरकुर होते. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, पण कायदा दाखवून घरात शिरलात तर लिफ्टमध्ये कुणी बोलणार नाही. स्वतंत्र घराचा मालक बघा. आमचे घरमालक अण्णा खारीकडे बघून एवढंच म्हणाले, 'कुत्रं व्हय? असूद्या की. आमच्या दारात म्हस हुती.' विषय संपला.

अडचण निघाली ती मायेची. दुसऱ्याच रविवारी अण्णांच्या घरच्या आक्का पातेलं घेऊन आल्या. आमच्यासाठी तांबडा, पांढरा, सुकं, आणि एका वाडग्यात खारीसाठी रस्सा-भात कालवलेला. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो, तांबड्या पेशी फुटतात. आता हे आक्कांना कसं सांगायचं? कोल्हापुरात 'तुमचा रस्सा बाधेल' म्हणणं म्हणजे पुढच्या सगळ्या रविवारांवर पाणी. मी म्हटलं, 'डॉक्टरांनी तिला पथ्य सांगितलंय, मसाला बंद.' पथ्य म्हटलं की इथं सगळे ऐकतात. तेव्हापासून आक्का रस्सा फोडणीला घालण्याआधी तिचे चार तुकडे नुसत्या पाण्यात शिजवून बाजूला काढतात, हाडं काढून. शिजवलेल्या हाडाचे काटे होतात, हेही पथ्यातच घातलं.

भाषेचं. पहिल्या दिवशी जाताना आक्का म्हणाल्या, 'मी येतो हं.' मला वाटलं मागं कुणी पुरुष उभा आहे. इथल्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. गेल्या दिवाळीत मी आईला फोनवर म्हटलं, 'आत्ताच खारीला फिरवून आलो.' नागपूरहून आवाज आला, 'काय बोलून राहिली तू?' रस्त्यावर तुम्हाला विचारतील, 'चावतंय काय?' हसून 'नाही' म्हणा, आणि पोरांना हात लावू द्या, कुत्रा शांत असेल तर. महिन्याभरात तुमचं नाव कुणाला माहीत नसेल, पण 'खारीची वैनी' सगळ्यांना माहीत असेल. गॅसवाला अजूनही तोच पत्ता विचारत येतो.

गल्लीतल्या कुत्र्यांशी घाई करू नका. आठवडाभर त्यांची जेवणाची वेळ टाळून फिरवा, लांबून वास घेऊ द्या. आमच्या गल्लीचा दादा एक कानतुटका काळा होता. दहाव्या दिवशी त्यानं शेपूट हलवली, मग बाकीच्यांचा प्रश्न मिटला.

गाडीचे कागद हा कंटाळवाणा भाग, पण टाळू नका. बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर गाडीची इथं नव्यानं नोंदणी करावी लागते, आणि त्यासाठी जुन्या आरटीओची एनओसी हवी. कर्ज असेल तर बँकेचीही. आम्ही ती न घेता निघालो आणि नवऱ्याला परत गुरुग्रामची वारी घडली. एचआर २६ पाटी असेपर्यंत सिग्नलवर सगळे हिंदीत बोलायचे. एमएच ०९ झाली आणि त्याच सिग्नलवर मला 'वैनी, बाजूला घ्या की' ऐकू आलं. इतकं बरं वाटलं की लगेच घेतली.

ऊस हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, अंधारात गाडी जपून चालवा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना लाल पट्टी. पुढं काहीतरी हलतंय असं वाटलं की ऊसच समजा.

आम्ही सकाळी साडेसहाला कळंबा तलावाच्या बांधावर असतो. आलात तर खारी ओळख करून घेईल, पण बिस्किट देऊ नका. वजन वाढलंय, आणि आक्कांचे चार तुकडे आता सहा झालेत.