चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला घरची रोपे कशी द्यावीत

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या महिनाभरात घरोघरी सोयीच्या दिवशी हळदीकुंकू होते. आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी हे सारे असतेच. पण ज्या घरी गच्चीत किंवा गॅलरीत चार कुंड्या आहेत, तिथे थोड्याच वेळात मंडळी कुंड्यांपाशी जमतात आणि ‘तुमच्या जास्वंदीच्या कळ्या गळत नाहीत का हो?’ इथून सुरू झालेले बोलणे सुनेच्या बाळंतपणापर्यंत आणि नातवाच्या दहावीपर्यंत जाते. निघताना कोणीतरी एखादी फांदी मागतेच. पूर्वी मी मागितलेली फांदी तोडून, ओल्या कागदात गुंडाळून देत असे. एका वर्षी अशा अकरा फांद्या दिल्या आणि महिन्याने चौकशी केली, तेव्हा त्यांतली एकही जगलेली नव्हती. चैत्राच्या उन्हात पाने पाणी सोडत राहतात आणि मुळेच नसल्यामुळे फांदीला ते भरून काढता येत नाही. तेव्हापासून आमच्या घरी मुळे धरलेले रोपच दिले जाते, आणि त्यासाठी हळदीकुंकवाच्या आधी साधारण दोन महिने तयारीला लागावे लागते.

प्रथम हळदीकुंकवाचा दिवस ठरवावा आणि तिथून उलटे मोजत यावे. समजा, १० एप्रिलचा दिवस ठरला. तुळशीचे बी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पेरावे, जास्वंदीच्या फांद्या २० फेब्रुवारीच्या सुमारास लावाव्यात, कोरफडीची पिल्ले आणि गवती चहाचे ठोंब मार्चच्या आरंभी वेगळे करावेत, पानओवा मार्चच्या मध्यावर आणि पुदिना २० मार्चच्या आसपास लावावा. एवढ्या सहा वनस्पती पुरेशा आहेत. या सहाही जणी नवख्या हातालाही सहसा निराश करीत नाहीत, आणि जास्वंद सोडली तर अर्ध्या उन्हाच्या गॅलरीतही तग धरतात.

यांतली जास्वंद सर्वांत जास्त मागितली जाते आणि तिलाच सर्वांत जास्त जपावे लागते, म्हणून तिची कृती सविस्तर सांगते. देशी, एकेरी, लाल जास्वंद निवडावी. मोठ्या रंगीत फुलांच्या संकरित जाती फांदीपासून सहज येत नाहीत. पेन्सिलीएवढ्या जाडीची, फार कोवळी नाही आणि फार जून नाही अशी फांदी घेऊन तिचे सहा-सहा इंचांचे तुकडे करावेत. खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे पान फुटते त्या गाठीच्या, लगेच खाली आणि तिरपा घ्यावा, म्हणजे कोणते टोक मातीत घालायचे हेही नंतर चुकत नाही. खालची पाने काढून टाकावीत, वरची दोन-तीन ठेवावीत आणि तीही कात्रीने अर्धी करावीत, कारण पान जितके मोठे तितके पाणी जास्त उडते. निम्मे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मी भरड वाळू यांचे मिश्रण पिशवीत भरून, आधी काडीने भोक पाडून, दोन डोळे आत जातील एवढी फांदी खोचावी आणि भोवतीचे मिश्रण बोटांनी घट्ट दाबावे. त्यावर तळ कापलेली पाण्याची बाटली झाकण काढून उपडी घालावी आणि पिशवी सावलीत ठेवावी. आठवड्याभरात कोंब दिसला की मन हुरळते, पण तो फांदीतल्या साठ्यावर फुटलेला असतो. त्याने मुळांची खात्री होत नाही. मुळे धरायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत फांदी उपसून पाहण्याचा मोह आवरावा. आमच्या घरी तो मोह धाकट्या लेकीला होत असे, म्हणून आम्ही पारदर्शक प्लास्टिकच्या पेल्यांत फांद्या लावू लागलो. पेल्याभोवती काळा कागद गुंडाळायचा आणि रविवारी सकाळी तो उलगडून पाहायचा. पाचव्या रविवारी पेल्याच्या कडेला दोऱ्यासारखे पांढरे मूळ टेकलेले दिसले, तेव्हा ती ओरडतच आजोबांना बोलवायला धावली.

बाकीच्यांची कृती सोपी आहे. तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या तळहातावर चोळून बी मातीवर भुरभुरावे, वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा आणि पाणी फवाऱ्यानेच घालावे, कारण धारेने बी वाहून जाते. रोपे दोन इंचांची झाली की एकेका पिशवीत एकेक लावावे. गवती चहाचा ठोंब कुंडीतून काढून, मुळांसह तीन-चार फुटवे एकत्र राहतील असे भाग करावेत आणि पाती पाच इंचांवर कापून लावावीत. कोरफडीची पिल्ले आईपासून सोडवल्यावर दोन दिवस सावलीत सुकू द्यावीत, मगच लावावीत, नाहीतर जखमेतून कुजतात. पुदिना आणि पानओवा यांच्या काड्या पेलाभर पाण्यात ठेवल्या तरी आठ-दहा दिवसांत मुळे सोडतात. मुळे बोटाच्या पेराएवढी झाली की मातीत हलवावे.

पिशव्या विकत आणण्याची गरज नाही. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, खालचे दोन्ही कोपरे कापून वापराव्यात. मुळे धरलेल्या रोपांसाठी माती, कोकोपीट आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत समप्रमाणात घ्यावे. कच्चे शेणखत घालू नये, ते कुजताना तापते आणि कोवळी मुळे जळतात.

देण्याच्या दोन आठवडे आधी प्रत्येक रोप हातात घेऊन पानांच्या बेचक्यांत आणि खालच्या बाजूला पाहावे. कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. जास्वंदीवर तो हमखास येतो, आणि एका रोपासोबत दुसऱ्याच्या घरची सगळी बाग बाधित होते. कापसाच्या बोळ्याने तो पुसून काढावा आणि एक लिटर पाण्यात पाच मि.ली. कडुनिंबाचे तेल व साबणाच्या द्रावणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारावे. आठवड्याने पुन्हा फवारावे. तरीही कीड दिसली तर ते रोप देऊ नये. याच दोन आठवड्यांत रोपांना सकाळच्या उन्हाची रोज थोडी थोडी सवय करावी, कारण सावलीत वाढलेले रोप एकदम उन्हात गेले की पाने करपतात.

बोलावताना केवळ सवाष्णींना बोलावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या मजल्यावरील ज्या आजींनी मला शेवंतीचे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेली पिल्ले, वेगळे करायला शिकवले, त्यांचे यजमान जाऊन कित्येक वर्षे झाली. त्यांना दारातून परत पाठवून मी कोणते रोप कोणाला देणार? ज्यांना कुंकू लावून घ्यायचे त्यांनी लावावे, पण डाळ, पन्हे आणि रोप सर्वांना मिळावे. झाडांची खरी आवड असलेले काका आणि शाळकरी मुलेही मग येतात आणि गप्पांना वेगळीच रंगत चढते.

रोप हातात देण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: घरात ऊन कुठून आणि किती वेळ येते, पाणी कोण घालणार, आणि घरात लहान मूल, कुत्रे किंवा मांजर आहे का. तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व एवढ्यासाठी की कण्हेर विषारी असते आणि शोभेच्या डिफेनबेकियाचा रस तोंडात गेल्यास जीभ व घसा सुजतो. अशी झाडे रांगत्या बाळाच्या घरी कोणी मागितली तरी देऊ नयेत, त्याऐवजी पानओवा द्यावा. कोरफडही मांजर-कुत्र्याला चघळू देण्याजोगी नाही. पाण्याच्या प्रश्नावर घरचे सगळे बोलणे निघते. कोणाच्या सासूबाई गुडघ्यांमुळे वाकू शकत नाहीत, कोणी मे महिन्यात मुलांना घेऊन माहेरी जाणार असते. मग कुंडी कठड्याच्या उंचीवर ठेवावी, किंवा सुट्टीच्या काळात रोप शेजारी ठेवून जावे, असे मार्ग तिथल्या तिथे निघतात.

प्रत्येक पिशवीला एक चिठ्ठी बांधावी. तिच्यावर रोपाचे नाव, लावल्याची तारीख, ‘सकाळचे ऊन, मातीचा वरचा इंच सुकला की पाणी’ यांसारखी एक ओळ आणि रोप मुळात कोणाकडून आले ते लिहावे. आमच्याकडची गवती चहा ‘साताऱ्याच्या आत्यांची’ आहे आणि आता ती तीन इमारतींत त्याच नावाने ओळखली जाते. शेतीतज्ज्ञ श्रीपाद अच्युत दाभोलकरांच्या प्रयोग परिवारात शेतकरी आपापल्या प्रयोगांचे अनुभव एकमेकांना सांगत आणि त्यांतून शिकत. घरच्या बागेतही जगलेल्या आणि मेलेल्या रोपांची नोंद एका वहीत ठेवली, तर पुढच्या चैत्रात बोलायला नेमका विषय असतो.

मोगरा मात्र या दिवशी कोणालाही देऊ नये. तो ऐन बहरात असतो, आणि कळ्यांनी लगडलेल्या फांदीला मुळे फुटणे अवघड जाते. ज्यांना तो हवा त्यांची नावे वहीत लिहून घ्यावीत. पावसाळ्याच्या आरंभी खालची एक फांदी वाकवून, डोळ्याखालची साल किंचित खरवडून, शेजारच्या कुंडीत दोन इंच मातीखाली दाबावी, वर दगड ठेवावा आणि सहा ते आठ आठवड्यांनी आईपासून तोडावी. ज्यांची चैत्रातली रोपे उन्हाने गेली असतील, त्यांच्यासाठी प्रत्येक जातीची दोन-दोन रोपे आपल्याकडे राखून ठेवावीत, आणि पाऊस स्थिरावल्यावर ती याच मोगऱ्यासोबत त्यांच्या घरी पोहोचवावीत.