चार्टचं वेबपेज टाकताना या चुका टाळा

लॅपटॉपवर व्यवस्थित दिसणारा चार्ट गिटहब पेजेसवर (गिटहबच्या वेबपेज दाखवणाऱ्या सेवेवर) टाकला की पान कोरं! लगेच चार्टचा कोड उसवायला घेऊ नका. आधी एफ१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा, पान रिफ्रेश करा. ४०४ (म्हणजे फाइल सापडली नाही) दिसला, तर चूक पत्त्यात आहे.

समजा, जिल्हावार पावसाची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेल्या आकड्यांची फाइल) आहे. फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर कॅपिटल, कोडमध्ये स्मॉल. विंडोजला दोन्ही एकच, म्हणून घरी चालतं. गिटहब पेजेसला ती दोन वेगळी नावं. मग नाव सुधारून पुश केलं जातं (गिटहबवर पाठवलं जातं), तरी पान कोरंच, कारण विंडोजवरचं गिट (फाइलींतले बदल नोंदवणारं साधन) नुसता कॅपिटल-स्मॉलचा बदल सहसा धरत नाही. फाइलला आधी भलतंच नाव देऊन कमिट करा (बदल नोंदवा), मग हवं ते नाव देऊन पुन्हा कमिट करा. खरं तर पहिल्यापासून सगळी नावं स्मॉल अक्षरांत आणि बिनास्पेसची ठेवावीत. पत्त्याच्या सुरुवातीला स्लॅशही नको. तो असला की ब्राउझर रिपॉझिटरीचं (गिटहबवरच्या प्रोजेक्टच्या फोल्डरचं) नाव सोडून थेट डोमेनच्या मुळाशी फाइल शोधतो.

डबल-क्लिक करून पान तपासणं ही दुसरी घाई. डी३ (चार्ट काढणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) सीएसव्ही मागतं आणि ब्राउझर सीओआरएसचं (दुसऱ्या ठिकाणची फाइल वाचण्याबाबतच्या सुरक्षा-नियमाचं) कारण देऊन अडवतो. त्यावर ब्राउझरची सुरक्षाच बंद करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो घातक आहे, कृपया ऐकू नका. फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून ‘पायथन -एम एचटीटीपी.सर्व्हर ८०००’ चालवा आणि लोकलहोस्ट:८००० वर पाहा. एका ओळीचं काम आहे.

प्लॉटली या पायथनच्या चार्ट-लायब्ररीची ‘राइट_एचटीएमएल’ आज्ञा जशीच्या तशी वापरली, तर प्रत्येक फाइलमध्ये अख्खी लायब्ररी भरली जाते. छोटा बार चार्टसुद्धा ३ एमबीच्या पुढे. ‘इन्क्लूड_प्लॉटलीजेएस’ला ‘सीडीएन’ द्या, म्हणजे लायब्ररी इंटरनेटवरून घेतली जाते आणि फाइल काही केबींवर येते. इंटरनेट नसलेल्या ठिकाणी दाखवायचं असेल, तर ‘डिरेक्टरी’ द्या: लायब्ररीची एकच प्रत शेजारी पडते आणि त्या फोल्डरमधले सगळे चार्ट तीच वापरतात. फोल्डर पाठवताना ती प्रत मागे राहू देऊ नका.

हाताने लिहिलेल्या पानात व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग नसेल, तर फोन पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि अक्षरं मुंगीएवढी होतात. यूटीएफ-८चा टॅग हेडमध्ये सर्वांत वर हवा, नाहीतर मराठी लेबलांचा चुराडा होतो.

आणि आकडे. डी३ आपणहून १,२५०,००० असं लिहितं. मराठी वाचकाला १२,५०,००० हवं. जावास्क्रिप्टच्या ‘टू-लोकेल-स्ट्रिंग’ला ‘एमआर-आयएन’ (मराठी-भारत) दिलं की स्वल्पविरामही जागेवर येतात आणि अंकही देवनागरी होतात.