सांगलीची हळद विकायचीय? इन्स्टाग्रामवर खरी माणसं अशी जोडा

‘महिन्यात दहा हजार फॉलोअर देतो’ म्हणणाऱ्याला आधी वाटेला लावा. विकतची खाती बहुतेक बनावट असतात. सौद्याला गर्दी झाली अन् बोली लावणारा एकही नाही, तसला हा प्रकार. शिवाय इन्स्टाग्राम अशी खाती अधूनमधून काढून टाकतं, म्हणजे पैसेही गेले आणि आकडाही.

समजा, तुम्ही सांगलीत घरगुती हळदपूड विकता. एकच गिऱ्हाईक डोळ्यांसमोर आणा: पुण्यात राहणारी, माहेर तासगावचं, दुकानातल्या पुडीवर भरवसा नसलेली बाई. बोलायचं ते तिच्याशी.

प्रोफाइल पाच मिनिटांचं काम. खातं व्यावसायिक करा. फुकट आहे आणि आकडेवारी दिसते. नावात ‘हळद’ आणि ‘सांगली’ दोन्ही शब्द हवेत, म्हणजे शोधणाऱ्याला सापडाल.

खरा घाम विषयांसाठी गाळायचा. गिऱ्हाईक फोनवर, व्हॉट्सॲपवर जे विचारतं ते वहीत उतरवा. हळद शिजवतात कशाला? पॉलिश करताना काय निघून जातं? राजापुरी जातीची हळद कशी ओळखायची? सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानं गिऱ्हाइकाला काय फरक पडतो? सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, जमिनीखाली, हळद कशी साठवायचे? एका प्रश्नाला एक रील. काढणी, शिजवणी, वाळवणी चालू असते तेव्हाच भरपूर चित्रण करून ठेवा, पावसाळ्यात तेच पुरतं. कामावरच्या बायकांना विचारल्याशिवाय मात्र कॅमेरा रोखू नका.

‘नमस्कार मंडळी, स्वागत आहे’ हा भाग कापून टाका; तेवढ्यात बघणारा पुढं सरकतो. थेट विचारा, ‘हळद शिजवत्यात कशाला, म्हाईत हाय?’ बोली आपलीच ठेवा, पुण्याची नक्कल कशाला? पुष्कळजण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून मुख्य वाक्यं पडद्यावर लिहा.

मग कमेंट. माझ्या मते निम्मं काम इथंच आहे आणि नेमकं इथंच लोक कंटाळा करतात. ‘छान’ला हात जोडले तरी चालतं, पण ‘माझी पूड फिकट का पडली?’ याला नीट उत्तर द्या. कमेंटला रीलनं उत्तर द्यायची सोय आहे, ती वापरा. विचारणारी बाई ते चार जणींना पाठवते. तक्रार आली तर पुसू नका, तिथंच सगळ्यांसमोर निस्तरा.

आकडेवारीत फॉलोअरपेक्षा किती वेळ पाहिलं, किती जणांनी पुढं पाठवलं, किती जणांनी सेव्ह केलं ते बघा. नव्या लोकांपर्यंत पोचायला पुढं पाठवलेले रील जास्त कामी येतात, हे इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनीही सांगितलंय. जो विषय पुढं पाठवला गेला, त्याचा दुसरा भाग करा.

नाव झालं की दुसऱ्यांच्या जाहिराती येतील. पैसे किंवा फुकट माल घेतला असेल तर रीलवर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहा. आणि हळदीनं मधुमेह, कॅन्सर बरा होतो असलं काही बोलू नका. १९५४च्या औषधे आणि जादुई उपचार कायद्यानं अशा जाहिरातींना बंदी आहे, मग व्ह्यू कितीही येवोत.